विश्लेषण : मोर वाढले, मग माळढोक का संपला? पक्ष्यांचा २५ वर्षांचा हिशेब काय सांगतो?

सोलापूर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. माळढोक पाहण्यासाठी कधी काळी देशभरातून अभ्यासक इथे येत. २००० नंतरच्या पहिल्या दशकातही इथल्या गणनेत वीसहून अधिक माळढोक नोंदले गेले होते. अलीकडच्या गणनांत मात्र हाती लागतो तो एखादाच पक्षी, आणि तोही मादी. म्हणजे नोंदवहीत आकडा शून्य नाही, तरीही घरटे, अंडे आणि पिल्लू हा सिलसिला संपला आहे. दुसरीकडे मोर, पारवे आणि कोकीळ यांची संख्या मात्र वाढताना दिसते. एकाच प्रदेशात काही पक्षी भरभराटीला येतात आणि काही दिसेनासे होतात, हे कसे घडते? ही घट मोजतात कशी? आणि त्यावर उपाय करायला अजून वेळ शिल्लक आहे का?

‘प्रजनन करणारे पक्षी’ म्हणजे कोणते?

महाराष्ट्रात दिसणारे सगळेच पक्षी इथे घरटी करत नाहीत. हिवाळ्यात येणारी बदके, किनाऱ्यावरचे छोटे चिखलपक्षी, माळावर घिरट्या घालणारे भोवत्या हे पाहुणे असतात. त्यांची पिल्ले सैबेरिया, मध्य आशिया किंवा युरोपात जन्मतात. याउलट टिटवी, चंडोल, धाविक, लावा, तित्तर, पखुर्डी, सुगरण, नीलपंख, गिधाडे, माळढोक हे इथल्याच मातीत वाढणारे पक्षी आहेत.

हा फरक महत्त्वाचा आहे. पाहुण्या पक्ष्यांची संख्या घटली तर कारण हजारो किलोमीटर दूर असू शकते. इथेच घरटी करणारा पक्षी घटला तर कारण बहुतेक वेळा इथेच सापडते: शेतात, माळावर, गावाच्या गायरानात किंवा गुरांच्या औषधात. म्हणूनच जगभरात निसर्गाची तब्येत तपासताना आधी प्रजनन करणाऱ्या पक्ष्यांची नाडी पाहिली जाते.

यात आणखी एक मेख आहे. पक्षी दिसतो याचा अर्थ तो वंश वाढवतो आहे असा नव्हे. माळढोक दीर्घायुषी आहे आणि मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडे घालते. घरट्यामागून घरटे वाया जात असले, तरी जुने पक्षी काही वर्षे दिसत राहतात. ‘अजून आहेत की’ असे म्हणता म्हणता एक दिवस ते दिसेनासे होतात. घट आधी घरट्यात होते, आकड्यांत ती उशिरा उतरते.

पक्षी मोजतात कसे?

उत्तर अमेरिकेत १९६६ पासून दर वर्षी विणीच्या हंगामात ठरलेल्या रस्त्यांवरून पाहणी होते. सुमारे ४० किलोमीटरच्या प्रत्येक मार्गावर ५० थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे थांबून दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी नोंदवले जातात. ब्रिटनमध्ये १९९४ पासून अशीच प्रजननकालीन पाहणी सुरू आहे. तेच ठिकाण, तीच पद्धत, तोच हंगाम हे या कामाचे बळ आहे. अशाच दीर्घकालीन नोंदींच्या आधारे २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, १९७० नंतर उत्तर अमेरिकेतून सुमारे ३०० कोटी पक्षी कमी झाले. त्यात गवताळ प्रदेशातील पक्ष्यांची घट सर्वाधिक, म्हणजे निम्म्याहून अधिक होती.

भारतात देशभर, दर वर्षी, विणीच्या हंगामात होणारी अशी पाहणी नाही. त्यामुळे इथे वेगळा मार्ग निवडला गेला. हजारो पक्षिनिरीक्षक आपल्या नोंदी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर आणि ॲपवर टाकतात. कुठे, किती वेळ आणि काय काय पाहिले, याची ती यादी असते. अशा लाखो याद्यांतून कल काढला जातो.

त्याचे साधे गणित असे. समजा, एखाद्या भागातील जुन्या १०० याद्यांपैकी ४० याद्यांत नीलपंख होता आणि आताच्या १०० याद्यांपैकी २५ याद्यांतच तो आहे. मग नीलपंख दिसण्याचे प्रमाण घटले, असे म्हणता येते. एकूण नीलपंख किती हे यातून कळत नाही. पूर्वीच्या तुलनेत वाढले की घटले, हे मात्र कळते. यासाठी ‘दिसलेले सर्व पक्षी लिहिले’ अशी हमी असलेल्या पूर्ण याद्याच घेतल्या जातात. कोणी फक्त दुर्मीळ पक्षीच नोंदवले असतील, तर ती यादी या हिशेबात उपयोगाची नसते.

मग ई-बर्ड येण्याआधीच्या काळाचे काय? तिथे जुन्या पक्षिनिरीक्षकांच्या वह्या कामाला आल्या. कुणी तीस-चाळीस वर्षांपूर्वी तारीख आणि ठिकाणासह लिहून ठेवलेल्या याद्या संगणकावर चढवल्या गेल्या. तेव्हा नुसता छंद वाटणारी ती टिपणे आज तुलनेचा पाया ठरली आहेत.

भारतातील नोंदी काय सांगतात?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रथम २०२० मध्ये आणि नंतर ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या अहवालात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, भारतीय वन्यजीव संस्था, सालिम अली केंद्र यांच्यासह १३ संस्था सहभागी होत्या. ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी त्यासाठी वापरल्या गेल्या आणि ९४२ प्रजातींचा विचार झाला.

यातील ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल ठरवण्याइतकी माहिती उपलब्ध होती. त्यांपैकी २०४ प्रजाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि फक्त ३६ वाढल्या. म्हणजे ज्यांचा कल कळला, त्यांतील दर दहांपैकी सहा प्रजाती घटलेल्या आहेत. २०१५ नंतरच्या आठ वर्षांचा कल ३५९ प्रजातींबाबत काढता आला. त्यात १४२ प्रजाती घटत असल्याचे दिसले. एकूण १७८ प्रजातींना संवर्धनाच्या दृष्टीने सर्वाधिक प्राधान्य द्यावे, असे अहवाल सांगतो.

ही घट सरसकट नाही, तिला एक ठरावीक चेहरा आहे. शिकारी पक्षी आणि मृत जनावरांवर जगणारे पक्षी सर्वाधिक घटले. कीटक खाणारे पक्षीही घटले. फळे आणि मधुरस खाणाऱ्यांची स्थिती त्या मानाने बरी आहे. अधिवासानुसार पाहिले, तर केवळ गवताळ, मोकळ्या प्रदेशावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून अधिक घसरली आहे. काटेरी झुडपांच्या कोरड्या प्रदेशात राहणाऱ्या मोठ्या राखी खाटकाची दीर्घकालीन घट तर ८० टक्क्यांहून अधिक आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानले जाते, तो नीलपंखही सुटलेला नाही. ज्या १४ प्रजातींच्या जागतिक दर्जाचा फेरविचार व्हावा अशी शिफारस अहवालात आहे, त्यांत तोही आहे.

मग वाढले कोण आणि का?

मोर, पारवा, कोकीळ, गावकावळा, राखी वटवट्या हे वाढलेल्यांपैकी ठळक पक्षी. मोराची वाढ दीर्घकालीन नोंदींत दीडशे टक्क्यांहून अधिक भरते. त्याला कायद्याचे संरक्षण आहे, लोकांची श्रद्धा आहे आणि कालव्यांमुळे कोरड्या भागातही पाणी व हिरवी पिके पोहोचली आहेत. पूर्वी जिथे मोर नव्हते अशा भागांत आज शेतकरी त्यांच्यामुळे होणाऱ्या पीकनुकसानीच्या तक्रारी करतात.

पारव्याला माणसाने घरही दिले आणि दाणाही. मूळचा कड्याकपारीत राहणारा हा पक्षी इमारतींच्या सज्जांना कडाच समजतो. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये पेटलेला वाद हा एका अर्थाने याच वाढीचा परिणाम होता. कोकिळेचे गणित आणखी मजेशीर आहे. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. शहरातील कचऱ्यावर कावळे पोसले जातात आणि बागांतील फळझाडांवर कोकीळ जगते.

चिमणीबाबत मात्र लोकांची समजूत आणि नोंदी यांत अंतर आहे. देशपातळीवर चिमणी स्थिर असल्याचे दिसते. मोठ्या महानगरांत ती घटली, गावांत आणि लहान शहरांत टिकून आहे.

या यादीत एक सूत्र आहे. जे पक्षी काहीही खातात, कुठेही घरटे करतात आणि माणसाशी जुळवून घेतात, ते तगले. ज्यांना ठरावीक जागा आणि ठरावीक अन्न लागते, ते मागे पडले. त्यामुळे अंगणात पक्ष्यांचा गलबला वाढलेला असताना प्रदेशातील विविधता कमी होत जाते. खिडकीत बसलेल्या माणसाला त्यामुळेच घट जाणवत नाही.

माळरानावरच घाला का?

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा, सांगली या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील पट्ट्यात माळराने आहेत. पाऊस कमी, माती उथळ आणि झाडी विरळ. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत येते, मार्चनंतर सगळे पिवळे पडते. पाहणाऱ्याला इथे ‘काहीच नाही’ असे वाटते. सरकारी कागदपत्रांतही अशा जमिनीच्या बऱ्याच मोठ्या भागावर ‘पडीक’ हाच शिक्का बसला.

पडीक म्हटले की तिचा काहीतरी ‘उपयोग’ करणे ओघाने आलेच. कुठे औद्योगिक वसाहत आली, कुठे सौर प्रकल्प, कुठे पवनचक्क्या. कालव्याचे पाणी जिथे पोहोचले तिथे ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. कोरडवाहू शेतीत पिढ्या घालवलेल्या माणसाने पाणी आल्यावर ऊस लावला, तर त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पण बाजरीच्या किंवा करडईच्या रानात माळढोक चरू शकतो, धाविक पळू शकतो, चंडोल घरटे करू शकतो. दाट, उंच उसात यांपैकी काहीच शक्य नाही.

चांगल्या हेतूनेही नुकसान झाले. ‘झाडे लावा’ या मोहिमांत माळांवर गिरिपुष्पासारखी झपाट्याने वाढणारी परदेशी झाडे लावली गेली. जंगलात झाड लावणे आणि गवताच्या प्रदेशात झाड लावणे यांत मोठा फरक आहे. माळावर जमिनीलगत घरटे करणाऱ्या पक्ष्याला चौफेर नजर हवी असते. झाडांची रांग उभी राहिली की त्यावर शिकारी पक्षी आणि कावळे बसतात, अंडी आणि पिल्ले त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येतात. मग तो पक्षी ती जागाच सोडतो.

टिटवी, धाविक, डोंबारी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर, खडे-मातीत अंडी घालतात. टिटवीने अंडी उंच जागी घातली तर पाऊस जास्त होणार, असा ठोकताळा गावोगावी सांगितला जातो. तो खरा असो वा नसो, शेतकऱ्याच्या पायाखाली टिटवीची अंडी येत होती आणि तो नांगर वळवून घेत होता, एवढे त्यातून नक्की कळते. आता मोकाट कुत्र्यांची वाढती संख्या, यंत्राने होणारी मशागत, कीटकनाशके आणि माळावर फिरणारी वाहने या सगळ्यांतून ते अंडे वाचावे लागते.

मेंढपाळांचे नाते मात्र वेगळे आहे. धनगरांचे कळप ऋतूप्रमाणे फिरत राहिल्याने गवत कुठे उंच, कुठे खुरटे राहत असे. वेगवेगळ्या पक्ष्यांना वेगवेगळ्या उंचीचे गवत लागते. अतिचराई वाईटच, पण चराई पूर्ण बंद करून माळ राखता येतो हाही गैरसमज आहे.

माळढोकाच्या बाबतीत नेमके काय चुकले?

माळढोकाच्या देशभरातील संख्येचे अंदाज पाहिले, तर घसरण सरळ दिसते. १९६९ मध्ये सुमारे १,२६०, २००१ च्या सुमारास ६००, २००८ मध्ये ३०० आणि अलीकडे १५० हूनही कमी. उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात टाकले.

महाराष्ट्राने या पक्ष्याकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येत नाही. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. पण कागदावरच्या या अभयारण्यात गावे, रस्ते, शेते, शहरांचे भागही आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. ज्या शेतकऱ्याने कधी माळढोक पाहिलाही नव्हता, त्याच्या जमिनीची विक्री त्या पक्ष्यामुळे अडली. पक्षी लोकांच्या नजरेत शत्रू ठरला. पुढे क्षेत्र कमी करण्याची मागणी जोर धरत गेली आणि अखेर ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर उजनीचे पाणी, ऊस आणि वाढती वस्ती यांनी पक्ष्याची जागा घेतली होती.

मध्य प्रदेशातील करेरा अभयारण्याची कथाही अशीच आहे. तिथे लोकांचा रोष वाढला आणि माळढोक पूर्णपणे नाहीसा झाला. दोन्ही ठिकाणचा धडा एकच: क्षेत्राचा आकडा मोठा असणे आणि विणीच्या जागा सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरट्यांच्या मोजक्या जागा नेमकेपणाने राखल्या असत्या आणि भोवतालच्या शेतकऱ्याला कोरडवाहू पिके घेण्यासाठी पैसे मिळाले असते, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते.

राजस्थानात आता वेगळा धोका आहे. माळढोक जड पक्षी आहे आणि त्याला समोरचे फारसे दिसत नाही. उडताना वीजवाहिनी लक्षात येते तेव्हा वळायला वेळ उरत नाही. थरच्या परिसरात दर वर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. उरलेल्या संख्येच्या तुलनेत हा आकडा फार मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. कारण दुसऱ्या पारड्यात सौरऊर्जा होती. पर्यावरणाचे एक उद्दिष्ट दुसऱ्याच्या आड येते तेव्हा निवड किती अवघड होते, याचे हे ठळक उदाहरण.

आशेचा एक धागा आहे. जैसलमेरजवळील सम येथे २०१९ पासून माळढोकाचे कृत्रिम पैदास केंद्र सुरू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून तिथे पहिले पिल्लू जन्मले. पण केंद्रात पिल्ले वाढली तरी त्यांना सोडणार कुठे? त्यासाठी माळ शिल्लक असावा लागेल.

तणमोराची स्थिती काय?

माळढोकाच्या कुळातला तणमोर पावसाळ्यात विणीसाठी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील गवताळ रानांत येतो. गवताच्या वर उडी मारून मादीचे लक्ष वेधणारा नर दिवसातून शेकडो उड्या मारतो. तो दिसतो तो या उड्यांमुळेच, एरवी गवतात असलेला तणमोर सापडणे कठीण. १९९९ मध्ये त्याची देशातील संख्या ३,५०० च्या आसपास असावी, असा अंदाज होता. २०१७ च्या पाहणीत मात्र सुमारे २६४ नरांचाच अंदाज निघाला.

महाराष्ट्रात अकोला-वाशीमच्या पट्ट्यात तणमोराच्या नोंदी झाल्या त्या मुख्यतः फासेपारधी समाजाच्या मदतीने. पिढ्यान्‌पिढ्या शिकारीसाठी आत्मसात केलेले ज्ञान, म्हणजे पक्षी कुठल्या गवतात असेल, आवाज कुठून आला, हे सगळे संरक्षणासाठी वापरले गेले. संवर्धनात स्थानिक माणूस अडथळा न ठरता आधार कसा ठरू शकतो, हे यातून दिसते.

गिधाडांचा धडा काय?

पक्ष्यांच्या संख्येवर लक्ष का ठेवायचे, या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर गिधाडांनी दिले. १९८० च्या दशकात भारतात काही कोटी गिधाडे होती. ती इतकी होती की त्यांना मोजावे, असे कुणाला वाटले नाही. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घसरली. लांब चोचीच्या गिधाडांची घटही ९६ टक्क्यांहून अधिक होती.

कारण सापडायला २००४ साल उजाडले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक गिधाडांच्या मूत्रपिंडाला घातक ठरत होते. औषध दिल्यानंतर लवकर मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की काही दिवसांत गिधाड मरत असे. एका मृत जनावरावर डझनांनी गिधाडे तुटून पडतात. त्यामुळे १ टक्क्याहूनही कमी मृत जनावरे विषारी असली तरी सगळी प्रजाती कोसळायला तेवढे पुरे होते. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू विणीयोग्य व्हायला साधारण पाच वर्षे लागतात. झालेली हानी भरून निघणे त्यामुळेच इतके संथ आहे.

२००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकारही मर्यादित झाला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. गिधाडे गेल्याची किंमत माणसानेही मोजली. उघड्यावर कुजणारी जनावरे, वाढलेली कुत्री आणि दूषित पाणी यांमुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख अतिरिक्त मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने मांडला.

हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढवलेली २० गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबा येथे आणली गेली. घट होऊ द्यायला १५ वर्षे पुरली. भरपाईला त्याहून कितीतरी अधिक काळ, पैसा आणि कष्ट लागत आहेत.

या आकड्यांवर कितपत विसंबावे?

नोंदींना मर्यादा आहेत. पक्षिनिरीक्षक शहरांजवळ आणि प्रसिद्ध पाणवठ्यांवर जास्त जातात. नोंदी हिवाळ्यात अधिक होतात, कारण हवा चांगली असते आणि पाहुणे पक्षीही आलेले असतात. माळावरची विण मात्र भर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालते. म्हणजे ज्या काळात घरट्यांची खरी माहिती मिळेल, त्याच काळात डोळे कमी असतात. शिवाय ९४२ पैकी जवळपास दोन तृतीयांश प्रजातींचा दीर्घकालीन कल अजून कळलेलाच नाही.

पण मर्यादा आहेत म्हणून आकडे फेकून देता येत नाहीत. संख्याशास्त्राने यातील बरेच दोष दुरुस्त करता येतात आणि निरीक्षकांच्या नोंदी व स्वतंत्र पाहण्या एकाच दिशेने बोट दाखवतात. दुसरे म्हणजे, संथ घट माणसाच्या नजरेला पकडताच येत नाही. वर्षाला अडीच टक्के घट म्हणजे १०० जोड्यांच्या पुढल्या वर्षी ९७-९८ जोड्या. कोणाच्याही ते लक्षात येणार नाही. पण २५ वर्षांत त्यातील जवळपास निम्म्या जोड्या गेलेल्या असतात. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीचा माळ हाच ‘मूळचा’ माळ समजते. आजोबांनी पाहिलेले थवे नातवाच्या हिशेबात कधी येतच नाहीत. ही विस्मृती भरून काढण्याचे साधन नोंद हेच आहे.

पुढे काय करता येईल?

पहिली गोष्ट धोरणाची. ‘पडीक’ या शिक्क्याचा फेरविचार व्हायला हवा. माळरान ही तुटलेली जंगले नव्हेत, ती स्वतंत्र परिसंस्था आहेत, हे महसुली नोंदींत उमटल्याशिवाय त्यांचे संरक्षण होणार नाही. वृक्षलागवडीचे लक्ष्य गाठण्यासाठी माळांवर खड्डे खणणे थांबवले, तरी खर्च न करता बरेच काही वाचेल. सौर आणि पवन प्रकल्पांना जागा लागणारच. पण विणीच्या जागा आधी नकाशावर आखून मग प्रकल्पांची ठिकाणे ठरवणे शक्य आहे.

दुसरी गोष्ट नोंदींची. केरळने २०१५ ते २०२० या काळात राज्यभराचा पक्षी नकाशा तयार केला. हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्याचे हजारो चौकोन करून प्रत्येक चौकोन कोरड्या हंगामात आणि पावसाळ्यात पाहिला, सुमारे २५ हजार याद्या जमल्या. विणीच्या हंगामातील अशी शिस्तबद्ध पाहणी प्रत्येक राज्यात, ठरावीक वर्षांनी व्हायला हवी. त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. शिस्त आणि सातत्य मात्र लागते.

तिसरी गोष्ट माणसांची. मेंढपाळ, कोरडवाहू शेतकरी आणि फासेपारधी यांना माळ सर्वाधिक कळतो. त्यांच्यावर बंधने लादून संवर्धन करण्याचा प्रयोग नान्नज आणि करेरा येथे फसला आहे. शेतात धाविकाचे घरटे सापडले आणि शेतकऱ्याने तेवढी जागा काही आठवडे सोडली, तर त्याचा मोबदला त्याला मिळावा, इतकी साधी योजनाही परिणाम करू शकते.

आणि चौथी गोष्ट ज्याच्या हातात मोबाइल आहे अशा कोणालाही जमण्यासारखी आहे. पंधरा मिनिटे एका जागी थांबून दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी करणे, आणि तीच जागा महिनोन्‌महिने, विशेषतः मे ते सप्टेंबरमध्ये, पुन्हा पाहणे. त्यात कावळा, पारवा, टिटवी असे नेहमीचे पक्षी आले तरी चालतात, किंबहुना तेच हवे असतात. गिधाडे कोट्यवधी होती तेव्हा त्यांना कोणी मोजले नाही. आज सगळीकडे दिसणारी टिटवी पंचवीस वर्षांनी कशी असेल, याचे उत्तर आज तिची नोंद कोणी करतो की नाही यावर अवलंबून आहे.